तीन बाटल्यांची परीक्षा

टण्!

घरात इतकी शांतता होती, की त्या एवढ्याशा आवाजाने तिच्या हातातली पेन्सिल उडाली. सकाळचे सव्वासहा. नवरा पाव आणायला खाली गेला होता, लेक अजून पांघरुणात गुरफटलेली. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कामाचे कागद वाचत होती. छत्तीस पानं, आणि प्रत्येक पानावर मुंगीएवढ्या अक्षरात पायऱ्या: हा व्हॉल्व्ह उघडा, तो बंद करा, दोन मिनिटं थांबा, काटा बघा, मोठ्याने सांगा.

तिने मान वळवली. शेगडीवरचं दूध आटून आटून नाहीसं झालं होतं. पातेल्याचं बूड काळंठिक्कर, आणि तापून तापून वाकलेल्या त्या पत्र्यानेच आवाज केला होता. निळसर धूर छताला टेकला होता. पातेलं तिच्यापासून चार हातांवर. तिने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि तेवढ्यात दारात चार वर्षांची गोटी उभी. केसांच्या नुसत्या झिपऱ्या, दोन बोटांत नाक घट्ट.

"शीऽऽ! आई, केवढा घाण वास!"

मागोमाग नवरा आला. "अगं, खालच्या जिन्यापर्यंत करपट वास येतोय! डोळा लागला होता का तुझा?"

"नाही रे. वाचत होते."

"मग नाक काय गहाण टाकलं होतंस?" म्हणत तो हसला आणि पातेलं नळाखाली धरलं. चर्रर्र झालं.

ती हसली नाही. "आलेच" म्हणून ती न्हाणीघरात शिरली, कडी लावली आणि फिनेलच्या बाटलीचं बूच काढून ती नाकाशी धरली. काही नाही. साबण. काही नाही. टूथपेस्ट, नवऱ्याचं दाढीचं क्रीम, दोरीवरचा कालचा ओला टॉवेल. काही नाही, काही नाही, काही नाही. जणू जगावर कुणी काच बसवली होती आणि ती बाहेरून बघत होती.

तीन आठवड्यांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता. दोन दिवसांचा, साधा. तेव्हापासून जेवण मिळमिळीत लागत होतं. परवाच तिने "भाजी अगदी बेचव झालीय नाही?" असं विचारलं होतं, आणि नवरा म्हणाला होता, "बेचव? तिखटाने माझ्या कानातून धूर निघतोय." तेव्हा तिने ते थट्टेवारी नेलं. आता एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक गोष्ट तिच्याकडे बोट दाखवायला लागली.

आणि हे कळायलाही नेमका आजचाच दिवस मिळाला होता.

तिचं काम रॉकेटमध्ये इंधन भरायचं. गोटीने एकदा विचारलं होतं, "रॉकेट काय खातं?" तेव्हा तिने लेकीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, की त्याच्या पोटात तीन तऱ्हांचा खाऊ असतो. पहिला घट्ट, साच्यात ओतून जमवलेला, मेणबत्तीसारखा. तो एकदा पेटला की पेटला, मध्येच फुंकून विझवता येत नाही. दुसरा इतका गार, की त्याच्यापुढे बर्फ म्हणजे कढत पाणी. तो आधी भरून ठेवला तर उकळून उडून जातो, म्हणून उडायच्या काही तास आधी भरायचा, आणि तेही दुरून, बटणं दाबून. तेव्हा आसपास कुत्रंसुद्धा फिरकू देत नाहीत.

"आणि तिसरा?"

"तिसऱ्यात दोन पाणी असतात. दिसायला साधी, पण एकमेकांची हाडवैरी. समोरासमोर आली, की काडी नको, ठिणगी नको, भडकाच."

"मग त्यांना भेटवतात कशाला?"

"वर आकाशात भेटवतात. तिथे त्यांचं भांडण जुंपलं की त्या जोरावर पुढे सरकता येतं."

गोटीने थोडा विचार करून म्हटलं होतं, "म्हणजे तू भांडणं लावायला जातेस!" आणि नवरा पलीकडून म्हणाला होता, "लग्नाआधीपासूनचा हातखंडा आहे तिचा."

ती तिसऱ्या खाऊचं काम करायची. रॉकेटच्या टोकाशी बसून वर जाणाऱ्या उपग्रहात हा खाऊ भरावा लागतो. तो बरेच दिवस टिकतो, म्हणून उड्डाणाच्या आधी सावकाश, हातांनी भरता येतो. एके दिवशी एक द्रव. खोली धुऊन पुसून दोन दिवसांनी दुसरा. आज पहिला, हायड्राझिन. बघायला पाण्यासारखं, पण त्याची वाफ फुफ्फुसात गेली तर माणूस आतून भाजून निघतो. म्हणून खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत बंद, फुगीर, पांढरा सूट घालायचा आणि लांब नळीतून येणारी हवा घ्यायची.

गोटीच्या वेळी तिचा सूट काढून घेतला गेला होता, आणि ते रास्तच होतं. पण बाळंतपणानंतर तो परत मिळेना. "लेकरू लहान आहे, बसा टेबलावर," असं करत करत चार वर्षं ती दुसऱ्यांनी भरलेल्या इंधनाचे कागद नीट लावत बसली. अर्ज केले, धावण्याच्या चाचण्या दिल्या, एका साहेबांनी "आयांच्या मापाचे सूट शिवत नाहीत हो" असा विनोद केला तोही गिळला. सहा महिन्यांपूर्वी सूट मिळाला. आणि आजच्या भरणीत ती एक नंबर होती, म्हणजे आतली मुख्य. पहिल्यांदाच.

न्हाणीघराच्या आरशात तिने स्वतःकडे बघितलं. सांगितलं तर आज नाही, आणि कदाचित कधीच नाही. नाक गेलेल्या माणसाला सूट देत नाहीत.

"आई, मला शू आलीये!" दारावर मुठी आपटल्या. तिने कडी काढली.

*

कामाच्या गाडीत बसल्यावर तिने मनाशी एक तोडगा काढला. बाटलीकाका आहेतच की. त्यांच्या परीक्षेत नापास झाले तर झाले. आपण लपवायचं नाही आणि आपणहून सांगायचंही नाही. बाटल्या काय तो निवाडा करतील. तोडगा सोयीचा होता, आणि सोयीचा आहे हे तिला कळतही होतं.

बाटलीकाका म्हणजे तिथले सुरक्षा अधिकारी. पांढऱ्या मिशा, निवृत्तीला आठ महिने, आणि खिशात कायम तीन छोट्या तपकिरी बाटल्या. दोन बाटल्यांत साधं पाणी, एकीत पाण्यात चार थेंब अमोनिया, कारण हायड्राझिनचा वास साधारण तसाच, किंचित मासळीच्या अंगाने जाणारा. सूट घालण्याआधी प्रत्येकाने तिन्ही हुंगायच्या आणि अमोनियाची कोणती ते सांगायचं. हा काकांचा स्वतःचा नियम, सहा वर्षांपूर्वी घातलेला. नव्या मुलांना ते नेहमी एकच वाक्य ऐकवत: "खोलीच्या भिंतीवर वाफ हुडकणारे अठरा मीटर आहेत. सूटच्या आत एकच आहे, आणि ते तुमच्या आईबापांनी बसवलंय."

पुढचा नियमही सगळ्यांना तोंडपाठ होता. आत वास आला, की जोडीदाराला विचारायचं. एकालाच आला, तर त्याचा सूट फाटलाय; त्याने लगेच बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने मागे थांबून सगळं नीट बंद करायचं. दोघांनाही आला, तर नळीतली हवाच नासलीय. दोघांनीही हातातलं टाकून निघायचं.

कपडे बदलायच्या खोलीत लंबू आधीच येऊन बसला होता. तिचा जोडीदार, दोन नंबर. ताडासारखा उंच, कोणताही सूट त्याला ढोपरात आखूडच.

"काय बाई, आज तुमचं राज्य," तो म्हणाला. "आतमध्ये शिंकायला परवानगी आहे ना?"

टोमणा जुना होता. गेल्या थंडीत त्याला दोनच शिंका आल्या होत्या, आणि तिने बाहेरून बघून काकांना सांगितलं होतं, ह्याला आत पाठवू नका. लंबू आठवडाभर तिच्याशी तोंड फुगवून होता.

"शिंक की," ती म्हणाली. "पुसायला हात आत जात नाही एवढं लक्षात ठेव."

काका आले. लंबूने तिन्ही बाटल्या भराभर हुंगल्या. "तिसरी. काका, एखाद दिवशी अत्तर ठेवा हो, आमच्या जन्माचं सार्थक होईल." काकांनी कागदावर खूण केली, पाठ फिरवून बाटल्या पुन्हा उलटसुलट केल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

पहिली. काही नाही. तिला जवळजवळ हायसं वाटलं. आता संपेल हे.

दुसरी.

नाकाच्या मुळाशी सुई टोचली. डोळ्यांत पाणी आलं. वास नव्हता तो, वासाचा मागमूसही नव्हता. नुसती टोचणी, कांदा चिरताना डोळ्यांना होते तशी. पण टोचलं मात्र खरं.

तिसरी. काही नाही.

काका वाट बघत होते.

"दुसरी," ती म्हणाली.

"शाब्बास." काकांनी खूण केली.

तोंड उघडायला तेव्हा वेळ होता. पूर्ण अर्धं मिनिट होतं. पण मनाने तोवर वकीलपत्र घेतलं होतं: टोचतं ना? मग हायड्राझिनही टोचेलच. टोचलं की कळेल. पास झालेल्याने उगीच नापास झाल्याची कबुली कशाला द्यायची? मदतनिसांनी सूट पुढे धरला आणि ती त्यात पाय घालून मोकळी झाली.

*

सूटमध्ये शिरलं, की पहिल्यांदा ऐकू येतो तो आपलाच श्वास. मग नळीतल्या हवेची सूंऽऽ. मग कानात नियंत्रण कक्षातल्या बाईंचा आवाज. त्या दुसऱ्या इमारतीत पडद्यासमोर बसून छत्तीस पानं एकेक ओळ वाचतात, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीला आतून "केलं" असं उत्तर द्यायचं. त्या लाइनवर बोललेला शब्द पंचवीस माणसं ऐकतात.

खोली उंच, पांढरी, फरशी आरशासारखी. मधोमध उपग्रह, सोनेरी कागदात गुंडाळलेला. शेजारी चाकांच्या गाडीवर इंधनाची टाकी, खाली वजनकाटा. टाकीतून निघालेली, बोटाएवढी जाड नळी उपग्रहाच्या पोटाला जोडायची. भरायचं होतं दोनशे चाळीस किलो.

"पायरी बेचाळीस. जोडावर फेस लावा."

"केलं. बुडबुडा नाही."

"पायरी त्रेचाळीस. व्हॉल्व्ह चार, पाव वळसा."

तिने जाड हातमोज्यातून पाव वळसा दिला. गाडीवरचा काटा हलला. एक किलो. दोन. नळीतून पाण्यासारखं पाणी चाललं होतं आणि तिला वाटत होतं, आपण कुणा झोपलेल्या जनावराला दूध पाजतोय. जराही धक्का लागता कामा नये.

पन्नास किलो. ऐंशी. तिचे हात चोख चालले होते. चार वर्षं कागदावर वाचलेलं हे सगळं हातांना मुखोद्गत होतं, आणि मध्येच एक क्षण असा आला, की ती सकाळ विसरली. फक्त काटा, व्हॉल्व्ह आणि आपला श्वास. एकशे वीस किलोला बाईंनी "एक नंबर, काम सुरेख चाललंय" असं म्हटलं. असं त्या सहसा म्हणत नाहीत.

एकशे एकाहत्तर किलो.

"एक नंबर," लंबूचा आवाज आला. थट्टा नव्हती त्यात. "जरा थांबव."

तिने व्हॉल्व्ह मिटला. "मिटलाय. काय झालं?"

"मला... थांब हं." त्याने दोनदा श्वास घेतल्याचं कानात ऐकू आलं. "मला मासळीसारखा काहीतरी वास येतोय. अगदी किंचित. कदाचित भासही असेल. तुला येतोय का?"

मग बाई, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून: "दोन नंबरला वास. एक नंबर, तुम्हाला?"

तिने श्वास ओढून घेतला. अगदी खोल, बरगड्या दुखेपर्यंत. रबराचा नाही, घामाचा नाही, कशाचाच नाही. ती वाट बघत राहिली टोचणीची. टोचलं नाही.

टोचत नाही, म्हणजे नसेल.

ती "नाही" म्हणायला ओठ उघडणार, तेवढ्यात तो शब्द तिच्या मनात अडकला. नसेल. 'नाही' वेगळं आणि 'नसेल' वेगळं. 'नसेल'वर ती इथे एका माणसाला उभं करणार होती का? काचेतून लंबू तिच्याकडे बघत होता. भलामोठा, फुगलेला, पांढरा, ढोपरात आखूड. तो तिच्या नाकाची वाट बघत होता. त्याने स्वतःच्या नाकावर शंका घेतली होती, तिच्यावर नाही.

"एक नंबर, उत्तर द्या."

"नाही" म्हटलं असतं, तर सगळ्यांनी मानलं असतं. लंबू बाहेर गेला असता, तिने मागे थांबून हसतखेळत आवरलं असतं. सूट राहिला असता. "हो" म्हटलं असतं तरी मानलं असतं. दोघंही बाहेर पडले असते, आणि तिचं बिंगही फुटलं नसतं. हेही तिला त्या दोन श्वासांत सुचलं, नाही असं नाही. पण त्या 'हो'वर उद्या सगळी माणसं हवेच्या यंत्राचा तुकडा तुकडा सोडवत बसली असती, आणि लंबूच्या सूटला भोक असलंच तर ते तसंच घडी होऊन कपाटात गेलं असतं, पुढच्या खेपेला.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मला वासच येत नाही. तीन आठवडे झाले. माझं उत्तर कशातच धरू नका."

लंबूचं हेल्मेट तिच्याकडे वळलेलंच राहिलं.

मग बाईंच्या माईकवर काकांचा आवाज आला. एवढा शांत, की त्याचीच भीती वाटावी. "दोघांनाही आलाय असं धरायचं. नळ्या सोडा, कमरेचे सिलिंडर उघडा. पाच मिनिटांची हवा आहे, दार चाळीस पावलांवर. धावायचं नाही. बाकीचे व्हॉल्व्ह मी इथून मिटतो. निघा."

तिने कमरेचं चाक फिरवलं. नळी सुटली, सूंऽऽ थांबली, नवी हवा गालावर गार लागली. चाळीस पावलं. लंबू पुढे, ती मागे, कारण मुख्याने शेवटी निघायचं असतं. तेवढं तरी तिने नियमानं केलं. विसाव्या पावलाला लंबू खोकला. पंचविसाव्याला पुन्हा. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दारापर्यंत तो काढला नाही.

बाहेर पाण्याचे फवारे होते. सूटसकट दहा मिनिटं त्यांच्याखाली उभं राहायचं. काचेवरून पाणी वाहत होतं आणि लंबूचा चेहरा दिसत नव्हता. दिसत नव्हता तेच बरं, असं तिला वाटलं.

*

सूट उतरल्यावर काकांनी दोन्ही हेल्मेट टेबलावर उताणी ठेवली आणि एकेकात मीटरची नळी सोडली. लंबूच्या हेल्मेटमध्ये काटा हलला. मग तिच्या. तिच्याही हेल्मेटमध्ये हलला, तितकाच.

पुढच्या तासाभरात कारण सापडलं. खोलीतली वाफ धुऊन बाहेर सोडणाऱ्या यंत्राचा पाण्याचा पंप बंद पडला होता, वारा फिरला होता, आणि न धुतलेली वाफ गच्चीवरून थेट त्यांच्या हवेच्या पंख्यात ओढली जात होती. सूट दोन्ही धड होते.

"तू 'नाही' म्हणाली असतीस," काका म्हणाले, "तर मी ह्याला बाहेर काढलं असतं आणि तुला आत ठेवलं असतं. वीस मिनिटं. एकटीला. तीच हवा." ते तिच्याकडे न बघता मीटरची नळी गुंडाळत होते. "सकाळी तू दुसरी बाटली कशी ओळखलीस?"

"टोचली, काका. वास नाही आला. अमोनिया टोचतो, नाक असलं काय आणि नसलं काय."

काका खाली बसले. खिशातून त्यांनी तिन्ही बाटल्या काढल्या आणि हातावर घेतल्या. "सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं मी नाकाची परीक्षा घेतोय असं समजून चाललो होतो. तुझ्याआधी किती जण असे आत गेले असतील, पोरी?"

"जे टोचत नाही असं ठेवा," ती हळूच म्हणाली. "कॉफी. व्हॅनिला. आणि ओळखा म्हणू नका. कशाचा वास ते सांगा म्हणा."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग हात पुढे केला. तिने गळ्यातलं लाल पट्टीचं ओळखपत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्याशिवाय त्या खोलीचं दार उघडत नाही.

"नाक परत आलं की ये. मी असेन नसेन, लिहून ठेवतो."

"आणि नाही आलं तर?"

"टेबल आहे," काका म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःलाच ते बोचलं असावं, कारण ते उठून खिडकीशी गेले.

लंबू बाकावर टॉवेल गुंडाळून बसला होता. डॉक्टरांनी दोघांचंही रक्त घेतलं होतं, छाती तपासली होती; घाबरण्यासारखं काही नाही, पण तीन दिवस रोज येऊन तपासून घ्यायचं. ती त्याच्या शेजारी बसली, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून.

"दोन शिंका," तो म्हणाला. "दोन शिंकांपायी मला घरी पाठवलं होतंस तू."

"हो."

"मी चिडलो होतो. पण घरी जाऊन बायकोला काय सांगितलं माहितीये? म्हटलं, बाई खडूस आहे, पण हिच्याबरोबर आत जायला भीती वाटत नाही." त्याने टॉवेलच्या टोकाने कान पुसला. "आज काय सांगू तिला?"

"झालं ते सांग."

"सांगेनच." तो उठला. दारापर्यंत गेला, तिथे अडखळला. "शेवटी बोललीस, तेही सांगेन. पण आधी ते पहिलं."

"आधी ते पहिलंच सांग," ती म्हणाली.

डॉक्टरबाई तिच्या नाकात बारीक दिवा घालून बघत म्हणाल्या, "तापानंतर होतं असं. काहींचं दोन महिन्यांत परत येतं. काहींना वर्ष लागतं."

"आणि काहींचं?"

डॉक्टरबाईंनी दिवा विझवला.

*

घरी पोचली तेव्हा ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. नवऱ्याला फोनवर सगळं सांगून झालं होतं. तो जिन्यातच उभा होता. आधी त्याने तिला घट्ट धरलं, मग सोडलं, मग रागावला.

"सकाळी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही!"

"म्हणून."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. "आत जा. ती दारात बसून आहे मघापासून. थोडं सांगितलंय मी. म्हटलं, आईचं नाक आजारी आहे."

गोटीने तिला खोलीत ओढून नेऊन जमिनीवर बसवलं. पुढ्यात रीतसर दुकान मांडलेलं होतं: खोडरबर, एक मोजा, साबणाची वडी, खाऊचा रिकामा डबा.

"डोळे मीट. हे काय आहे?"

काहीतरी मऊ नाकाला लागलं. "कळत नाही गं."

"हे?"

"नाही."

"हे तर खूप घाण आहे! हे सुद्धा नाही?"

"नाही, बाळा."

"मोजा होता, बाबांचा." गोटी खुदखुदली, मग गप्प झाली. डॉक्टरांसारखी भुवई वर करून तिने आईचं नाक दोन बोटांनी हलवून पाहिलं. ते जागच्या जागी होतं. मग मोजा, खोडरबर, डबा सगळं बाजूला सारून ती मांडीवर चढली, पाठ टेकवून बसली आणि आपलं डोकं आईच्या हनुवटीखाली खुपसलं. केस गालाला लागले. ऊबदार, दिवसभर खेळून ओलसर. तिने श्वास घेतला, सवयीने, आणि पुन्हा घेतला. मऊपणा होता, ऊब होती, वजन होतं. त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं.

तिने आठवून बघितलं. गोटी जन्मली तो दिवस, तिला पहिल्यांदा छातीशी ठेवलं ती घटका. उजेड आठवला, नर्सचा हात आठवला, लेकीचं रडणं कानात जसंच्या तसं होतं. वासाची जागा मात्र पुसलेली.

"मी पण नाही?" गोटीने खालून विचारलं.

ती तिला जवळ घेऊन बसून राहिली.

गोटीने मान वर वळवली. डोळे मोठे, अगदी गंभीर.

"आई, माझा वास कसा होता गं?"